वाट पाहण्याचे चार आठवडे

येत्या रविवारी पुण्या-मुंबईच्या आणि नगर-वसईच्या अनेक ख्रिस्ती उपासनामंदिरांत चार मेणबत्त्या मांडल्या जातील आणि त्यांपैकी एकच पेटविली जाईल. उरलेल्या तिघींच्या वाती तशाच कोऱ्या राहतील. दुसऱ्या रविवारी दुसरी, तिसऱ्या रविवारी तिसरी, आणि चौथी पेटेल तेव्हा नाताळ अगदी उंबरठ्याशी आलेला असेल. हातात काडी असताना आणि चारही मेणबत्त्या समोर असताना तिघींना हात न लावणे, एवढीच ही क्रिया आहे. तिच्यात जो अर्थ साठविलेला आहे, त्याविषयी आज मी आपल्याशी चार शब्द बोलणार आहे.

नाताळ आपणा सर्वांच्या परिचयाचा सण आहे. ज्यांच्या घरी तो साजरा होत नाही त्यांच्याही घरी शेजाऱ्याकडून फराळाचे ताट येते, आणि मुलांना सुट्टी असते. परंतु नाताळापूर्वी सुमारे चार आठवड्यांचा एक स्वतंत्र काळ असतो आणि पाश्चात्त्य परंपरेतील ख्रिस्ती उपासनेचे नवे वर्ष जानेवारीपासून नव्हे तर त्या काळापासून सुरू होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्याकडे त्यास आगमनकाल म्हणतात. खुद्द ख्रिस्ती घरांतही त्याचे विस्मरण होऊ लागले आहे, आणि हे मी दुसऱ्या कोणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. त्या विस्मरण झालेल्यांत मी स्वतः होतो.

या काळाचे लॅटिन नाव 'आद्वेन्तुस'. त्याचा अर्थ येणे, आगमन. रोमन साम्राज्यात सम्राट एखाद्या नगरास भेट देई, तेव्हा त्याच्या समारंभपूर्वक प्रवेशास हाच शब्द योजीत असत. ख्रिस्ती लोकांनी तो उचलला आणि ज्याच्या येण्याची एका गोठ्यापलीकडे कोणाला दादही लागली नाही, अशा एका बालकाच्या आगमनास लावला. शब्दाचे हे स्थलांतरच पुरेसे बोलके आहे.

आगमनकालाचा पहिला रविवार हा ३० नोव्हेंबर या दिवसाच्या जवळात जवळचा रविवार असतो. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कोठेही येतो आणि काळाची लांबी बावीसपासून अठ्ठावीस दिवसांपर्यंत कमीअधिक होते. ही व्यवस्था एकदम सिद्ध झालेली नाही. स्पेनमधील सारागोसा येथे ३८० साली भरलेल्या धर्मसभेने असा नियम केला होता की, १७ डिसेंबरपासून ६ जानेवारीपर्यंत कोणी मंदिरापासून दूर राहू नये, घरात दडून बसू नये, शेतवाडीवर किंवा डोंगरात निघून जाऊ नये. पाचव्या शतकात फ्रान्समधील तूर येथील बिशप पर्पेट्युअस याने ११ नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास लावून दिला. पुढे रोममध्ये चार रविवारांची मर्यादा रूढ झाली. मिलानच्या परंपरेत आजही सहा रविवार पाळतात, पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळी चाळीस दिवसांचा उपवास करतात, आणि आपल्याच देशात केरळातील सीरियन ख्रिस्ती १ डिसेंबरपासून पंचवीस दिवसांचे व्रत धरतात. दिवसांची संख्या निरनिराळी असली तरी हेतू एकच दिसतो. सण येण्यापूर्वी माणसाने त्यास योग्य व्हावे.

चातुर्मास पाळणाऱ्या घरांना हे निराळे समजावून सांगावयास नको. एखादा पदार्थ चार महिने सोडला म्हणजे त्या पदार्थाचे काही बिघडत नाही, सोडणाऱ्याच्या मनाला मात्र एक वळण लागते, हे आपल्या आज्या-पणज्यांनी आपणांस करून दाखविले आहे.

आता या काळात वाट पाहावयाची ती कोणाची, हा प्रश्न साहजिक आहे. येशूचा जन्म तर दोन हजार वर्षांपूर्वीच होऊन गेला. जो येऊन गेला त्याची वाट कशी पाहावयाची? बाराव्या शतकातील साधू बर्नार्ड याने यास उत्तर देताना तीन आगमने सांगितली आहेत. पहिले, मनुष्यदेहात झालेले. शेवटचे, काळाच्या अंती व्हावयाचे. आणि या दोहोंच्या मध्ये तिसरे, जे गुप्तपणे माणसाच्या अंतःकरणात होत असते. पहिल्याचे स्मरण करावयाचे, शेवटच्याची आशा धरावयाची आणि मधल्यासाठी जागा करावयाची, असा हा त्रिविध कार्यक्रम आहे. मला तरी त्यातील शेवटचे कलम सर्वांत अवघड वाटत आले आहे.

लूककृत शुभवर्तमान उघडून पाहिले, तर त्याच्या आरंभी वाट पाहणाऱ्या माणसांचा एक मेळाच आपणांस भेटतो. जखऱ्या नावाचा वृद्ध याजक आहे, तो मूल होईपर्यंत मुका होऊन राहिला आहे. त्याची पत्नी अलिशिबा उतारवयात गरोदर आहे. शिमोन नावाचा म्हातारा मृत्यूपूर्वी एक दर्शन व्हावे म्हणून थांबला आहे. हन्ना नावाची वृद्ध विधवा मंदिर सोडून कोठे जात नाही. आणि या सर्वांच्या मध्यभागी नासरेथची तरुण मरीया आहे. आपल्या भाषेत गरोदर स्त्रीविषयी 'तिला दिवस गेले आहेत' असे म्हणतात. आगमनकालाचे इतके नेमके वर्णन मला अन्य कोठे आढळलेले नाही. वरवर पाहता दिवस नुसते जात आहेत आणि ती नुसती मोजीत आहे. पण आत एक जीव आकार घेत आहे. तिचे वाट पाहणे म्हणजे रिकामे बसणे नव्हे. मरीया तरी कोठे बसून राहिली? वार्ता समजताच ती लगबगीने यहूदाच्या डोंगराळ मुलुखात अलिशिबेकडे गेली आणि सुमारे तीन महिने तिच्यापाशी राहिली. स्वतः वाट पाहत असता दुसऱ्या वाट पाहणाऱ्या स्त्रीच्या सोबतीला ती गेली, ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

मराठी भाषेला तर हा विषय चार शतकांपासून ठाऊक आहे. १५७९ साली गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स याने साष्टीतील ख्रिस्ती लोकांकरिता मराठी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. 'दुसरे पुराण' येशूचे चरित्र सांगते आणि त्याचे ५९ अवस्वर आहेत. पण त्याच्या आधी 'पहिले पुराण' आहे, ३६ अवस्वरांचे, ज्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्या पिढ्यांची कथा आहे. म्हणजे एकंदर सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग, नायक रंगभूमीवर येण्यापूर्वीच खर्ची पडला आहे! आजचा एखादा घाईचा वाचक म्हणेल, हे मधले सारे गाळून एकदम बेथलेहेमास जावे. स्टीफन्सने तसे केले नाही. अंधार किती लांबचा होता हे ज्याने पाहिले नाही, त्याला पहाटेचे मोल कळत नाही, हे त्या कवीस पक्के ठाऊक असावे.

आता चार मेणबत्त्यांकडे वळू. ही चाल प्राचीन नाही. जर्मनीत हँबुर्ग शहराच्या कडेला हॉर्न नावाच्या खेड्यात योहान हिनरिख विखेर्न या तरुण धर्मशास्त्रज्ञाने १८३३ साली गरीब व निराधार मुलांसाठी एक आश्रम काढला. 'राउहेस हाउस' हे त्या जागेचे नाव. हँबुर्ग त्या काळी व्यापाराने संपन्न होते आणि त्याच शहराच्या गल्ल्यांतून उपाशी मुले हिंडत होती. विखेर्नने मुलांचे लहान लहान गट केले आणि प्रत्येक गटास कुटुंबासारखे वाढविले. हिवाळा आला की ही मुले त्यास रोज एकच प्रश्न विचारीत: नाताळ आज आहे का? उद्या आहे का? ज्या मुलांना आयुष्यात कोणी काही वेळेवर दिले नाही, त्यांनी असे विचारावे हे स्वाभाविकच होते.

विखेर्नने काय केले? त्याने १८३९ साली प्रार्थनेच्या दालनात एक मोठे लाकडी चाक टांगले आणि त्यावर चोवीस मेणबत्त्या बसविल्या. चार मोठ्या पांढऱ्या, रविवारांच्या. वीस लहान तांबड्या, इतर वारांच्या. त्या वर्षी आगमनकालाचा पहिला रविवार १ डिसेंबरला आला होता, म्हणून २४ तारखेपर्यंत हिशेब बरोबर जमला. रोज सायंकाळी एक मेणबत्ती वाढे. मुले मोजीत, आणि मोजता मोजता हिशेबही शिकत. पुढे या चाकास हिरव्या डहाळ्या गुंडाळण्यात येऊ लागल्या, घरोघरी त्याचे आटोपशीर चार मेणबत्त्यांचे रूप झाले, आणि विसाव्या शतकात ते प्रॉटेस्टंट घरांतून कॅथलिक मंदिरांतही गेले.

या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते हे. मुलांची तगमग पाहून विखेर्नला नाताळ चार दिवस अलीकडे ओढता आला असता. किंवा 'गप्प बसा, येईल तेव्हा येईल' असे दटावता आले असते. आपण मोठी माणसे बहुधा या दोहोंपैकी एक करतो. त्याने मुलांना आजच्यापुरता उजेड दिला आणि उद्याच्यासाठी एक कोरी वात दाखविली. 'तुमचा प्रश्न मी ऐकला आहे, आणि दिवस पुढे सरकतो आहे', एवढे त्यांस रोज समजत होते. वाट पाहणाऱ्याला बहुतेक वेळा एवढेच हवे असते.

हाच प्रश्न लहानपणी नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मी माझ्या आईस विचारीत असे. आमच्याकडे चाक नव्हते आणि चार मेणबत्त्या एका वेळी आणण्याची ऐपतही नव्हती. साबणाच्या खोक्याच्या फळ्यांची एक लहानशी गव्हाण सुताराकडून करून घेतलेली होती. डिसेंबर उजाडला की आई ती फडताळावर रिकामी मांडी. नियम असा होता की, दिवसभरात ज्याने कोणाचे काही भले केले असेल त्याने सायंकाळी गवताची एक काडी तीत टाकावी. मात्र काय केले ते कोणाला सांगावयाचे नाही. मी काडी टाकून अधीरपणे विचारी, "आई, आता नाताळ किती राहिला?" ती तारीख सांगत नसे. ती म्हणे, "गव्हाणीत हात घालून पाहा. बाळाला टोचेल की नाही?" मी हात घाली. फळी हाताला लागे. "मग अजून राहिला," एवढे बोलून ती चुलीकडे वळे. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, माझ्याहून पुष्कळ अधिक काड्या टाकी. आणि कधी कधी रात्री उठून माझ्या बाजूला दोन काड्या सरकवून ठेवी, हे मला फार वर्षांनी कळले.

नगरच्या बाजूची माणसे पावसाची वाट पाहण्यात मुरलेली असतात. म्हणून आगमनकालातील एक वचन आमच्याकडे सर्वांना चटकन समजे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकऱ्याचा दृष्टान्त आहे. तो आगोटीचा आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरून भूमीच्या पिकाची वाट पाहतो, तसा तुम्ही धीर धरा, असा त्याचा आशय आहे. यावर प्रवचने पुष्कळ होतात. परंतु त्याच अध्यायात, या दृष्टान्ताच्या अगदी तीनच ओळी अगोदर, शेतात राबलेल्या मजुरांची जी मजुरी धन्याने अडकवून ठेवली, ती ओरड करीत आहे, असे म्हटले आहे. हे सहसा कोणी त्याच्याशी जोडून वाचीत नाही. एकाच पानावर दोन वाट पाहणारे उभे आहेत: एक पावसाची वाट पाहणारा, ज्याला धीर सांगितला आहे, आणि दुसरा स्वतःच्या हक्काच्या पैशाची वाट पाहणारा. त्याला धीर धरावयास सांगितलेले नाही. तेथे धन्यालाच फटकारले आहे.

श्रोतेहो, वाट पाहण्याचे हे दोन प्रकार निराळे ओळखता येणे, यावरच आगमनकालाचे सारे सार्थक अवलंबून आहे, असे माझे मत झाले आहे. काही गोष्टी देवाच्या किंवा काळाच्या हाती असतात. त्यांच्यासाठी थांबणे ही साधना होय. पण काही गोष्टींची लोक वाट पाहत असतात त्या आपल्या हाती असतात. तेथे त्यांना धीराचा उपदेश करणे म्हणजे अन्यायावर घातलेले पांघरूण होय.

जर्मनीतील धर्मशास्त्रज्ञ दीत्रिख बोनहोफर यांना हिटलरच्या राजवटीने एप्रिल १९४३ मध्ये अटक करून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवले. त्याच वर्षीच्या २१ नोव्हेंबरला मित्रास लिहिलेल्या पत्रात त्यांनी तुरुंगातील कोठडीची तुलना आगमनकालाशी केली आहे. माणूस वाट पाहतो, आशा धरतो, हे ते किरकोळ उद्योग करीत राहतो; पण दार बंद आहे आणि ते केवळ बाहेरूनच उघडणार आहे, अशा अर्थाचे ते लिहितात. ते दार त्यांच्यासाठी सुटकेकडे उघडले नाही. ९ एप्रिल १९४५ रोजी, युद्ध संपण्यास जेमतेम महिना उरला असताना, त्यांना फाशी देण्यात आले. अशा माणसाने केलेली ही तुलना आहे. म्हणून तिला वजन आहे.

या तुलनेचे मूळ फार जुन्या उपासनेतही सापडते. १७ डिसेंबरपासून २३ डिसेंबरपर्यंतच्या सात सायंप्रार्थनांत रोज एका निराळ्या नावाने येणाऱ्यास हाक मारण्याची प्राचीन रीत आहे: प्रज्ञा, प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उदय, राष्ट्रांचा राजा आणि शेवटी इम्मानुएल. या सात लॅटिन नावांची आद्याक्षरे शेवटून आरंभाकडे वाचली म्हणजे 'एरो क्रास' असे दोन शब्द तयार होतात. अर्थ असा की, 'उद्या मी येथे असेन'. आठवडाभर हाक मारणाऱ्याच्या हाकेतच उत्तर लपलेले असावे, ही कल्पना कोणा प्राचीन उपासकाची असो, मोठी हृद्य आहे. परंतु मला आज त्यातील चौथे नाव आपल्या ध्यानात आणून द्यावयाचे आहे. दाविदाची किल्ली. त्या रात्रीच्या प्रार्थनेत, ये आणि बंदिवानास बंदिगृहातून बाहेर काढ, अशी विनवणी आहे. दार बाहेरून उघडणाऱ्याची ती हाक आहे.

आता मी जे सांगणार आहे ते थोडे माझ्या घरचे आहे. आई-वडील गेल्यानंतर नगरच्या जुन्या घरावरून अक्काचे आणि माझे बिनसले. कोणाचे चुकले याचा निवाडा येथे करावयाचा नाही. मात्र बोलणे मी बंद केले, हे खरे. मी पुण्यात होतो, ती त्याच घरात एकटी राहत होती. प्रत्येक वर्षी आगमनकालाच्या पहिल्या आठवड्यात तिचे कार्ड येई. त्यात घराविषयी चकार शब्द नसे. 'सर्वांस आशीर्वाद. गव्हाण मांडली आहे,' एवढेच असे. मी उत्तर देत नसे. मनाशी म्हणे, काळ जाऊ द्यावा, काळ हेच औषध आहे. धीर धरण्याचे ते माझे धोरण होते आणि मी त्यास मोठा समंजसपणा समजत होतो.

तिसऱ्या वर्षी आमच्या धाकट्या मुलीने कोठूनशी आजीच्या गव्हाणीची हकीकत ऐकून एक पुठ्ठ्याची गव्हाण केली. तिसऱ्या रविवारी सायंकाळी तिने माझ्या हातात काडी दिली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही अजून एकही टाकली नाही." मी काडी हातात धरून उभा राहिलो. टाकण्यासारखे काही आठवेना. त्या दिवशी सकाळी मंदिरात जो पाठ वाचला होता, त्यात तुरुंगात पडलेला बाप्तिस्मा करणारा योहान आपल्या शिष्यांकरवी येशूस विचारतो: जो यावयाचा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? तो प्रश्न सकाळी मी अनेकदा ऐकलेल्या प्रश्नासारखा ऐकला होता. सायंकाळी तो निराळ्याच आवाजात ऐकू आला. तीन वर्षे मी स्वतःला वाट पाहणारा समजत होतो. वस्तुतः वाट पाहत होती ती अक्का. तिच्या कोठडीचे दार बाहेरून उघडणारे होते, आणि बाहेर मी उभा होतो. कडी माझ्या हातात होती.

सोमवारी पहिल्या एस.टी.ने मी नगरला गेलो. वाटेत मनाशी पुष्कळ वाक्ये जुळविली होती. त्यांतले एकही उपयोगी पडले नाही. अक्काने दार उघडले, मला पाहिले आणि विचारले, "जेवून आलास का?" मी नाही म्हटले. तिने पिठाचा डबा काढला. फडताळावर तीच जुनी गव्हाण होती आणि तीत गवत भरपूर होते. घराचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. तो सुटावयास पुढे आणखी वर्ष लागले आणि त्यात मलाही काही सोडावे लागले, तिलाही. पण तो प्रश्न आम्ही दोघांनी एका दाराच्या आत बसून सोडविला.

हा माझा अनुभव लहान आहे, याची मला जाणीव आहे. तथापि त्याने आगमनकाल कसा पाळावा याविषयीची माझी कल्पना बदलली, म्हणून तो सांगण्याचे धाडस केले. त्यावरून जे चार नियम आम्ही घरात ठरविले, ते आपल्यापुढे ठेवतो. कोणाला उपयोगी वाटले तर घ्यावेत.

पहिला नियम, नाताळ अलीकडे ओढू नये. हल्ली नोव्हेंबरातच दुकानांत तारे चमकू लागतात आणि २५ डिसेंबरच्या सायंकाळी आपणांस सणाचा कंटाळा आलेला असतो. वस्तुतः नाताळचा सण २५ तारखेस सुरू होतो आणि बारा दिवस चालून ६ जानेवारीच्या सणाला जाऊन मिळतो. म्हणून गोडधोड, करंज्या, केक, रोषणाई हे २४ तारखेच्या रात्रीसाठी राखून ठेवावे. जो आधीच जेवला, त्यास पंगतीचे निमंत्रण काय कामाचे?

दुसरा, रोज सायंकाळी घरातील सर्वांनी दहा मिनिटे एकत्र बसावे. जर्मनीतील डहाळ्या आणि मेणबत्त्याच हव्यात असे नाही. चार पणत्याही चालतील. लूकच्या शुभवर्तमानाचे बरोबर २४ अध्याय आहेत. १ डिसेंबरपासून रोज एक वाचला, तर नाताळच्या आदल्या रात्री ते पूर्ण होते. लहान मुलांना हा हिशेब फार आवडतो. वाचन झाले की दोन मिनिटे कोणी काही बोलू नये. घरात दोन मिनिटांची शांतता ही आजकाल केकपेक्षा दुर्मिळ वस्तू झाली आहे.

तिसरा नियम मात्र खर्चाचा आहे. पहिल्याच आठवड्यात एक कागद घ्यावा आणि त्यावर, मी कोणाकोणाला वाट पाहावयास लावले आहे, त्यांची नावे लिहावीत. ज्यांच्या पत्राला उत्तर दिले नाही, ज्यांचे उसने पैसे परत केले नाहीत, जिचा पगार पहिल्या तारखेऐवजी दहाव्या तारखेस देतो ती भांडी घासणारी बाई, रुग्णालयात पडून असलेला जुना सहकारी, गावी राहिलेले म्हातारे काका. चार आठवड्यांत त्या यादीतील निदान चार नावांवर रेघ ओढली जावी. लोकांच्या समुदायाने योहानाला, आम्ही काय करावे, असे विचारले तेव्हा त्याने, ज्याच्यापाशी दोन अंगरखे असतील त्याने ज्याच्यापाशी नाही त्यास एक द्यावा, असे सांगितल्याचे लूक लिहितो. ध्यान, उपवास यांविषयी तो तेथे काही बोलत नाही. एकदम कपड्यांच्या पेटीकडे बोट दाखवितो.

चौथा, गव्हाण रिकामी मांडावी आणि रिकामीच राहू द्यावी. तिच्यातले बाळ २४ तारखेच्या रात्रीपर्यंत आत आणू नये. रिकाम्या जागेची माणसाला भीती वाटते. ती भरून टाकण्यासाठी आपण पुष्कळ गोंगाट आणि पुष्कळ सामान आणतो. महिनाभर घरात एक जागा मुद्दाम रिकामी ठेवली आणि येताजाता तिच्याकडे पाहिले, तर मनातही एखादी जागा रिकामी होते, असा अनुभव आहे.

हे सर्व केवळ ख्रिस्ती लोकांपुरते आहे, असे मला वाटत नाही. महाराष्ट्राला वाट पाहणारा देव ठाऊक आहे. पंढरीचा विठोबा पुंडलिकाने फेकलेल्या विटेवर युगानुयुगे उभा आहे. भक्त आईबापांच्या सेवेत गुंतलेला आहे आणि देव थांबला आहे, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. ख्रिस्ती आगमनकालात मनुष्य देवाची वाट पाहतो असे आपण म्हणतो. पण ज्या बालकाला धर्मशाळेत जागा मिळाली नाही आणि जे गोठ्यात जन्मले, त्याच्या बाजूने पाहिले तर तोही कोणीतरी दार उघडावे म्हणून बाहेर थांबलेलाच होता. या दोन्ही परंपरांचे तत्त्वज्ञान भिन्न आहे, ते एकच आहे असे मी म्हणत नाही. तथापि वाट पाहणाऱ्याला कमी लेखू नये, एवढे तरी दोन्ही शिकवितात.

श्रोतेहो, येत्या रविवारी पहिली मेणबत्ती लागेल. ज्यांच्या घरी ती लागणार आहे त्यांना, आणि ज्यांच्या घरी लागणार नाही त्यांनाही, माझ्या आईचा तोच प्रश्न मी पुढे करतो. गव्हाणीत हात घालून पाहावे. बाळाला टोचेल की नाही? टोचत असेल, तर अजून चार आठवडे आहेत.